काठाचं झाड

आमच्या घरात स्नेक प्लांटला कुणी स्नेक प्लांट म्हणत नाही. सासूबाईंचा शब्द ‘काठाचं झाड’, तोच सगळ्यांच्या तोंडी बसलाय. तलवारीसारखं उभं हिरवं पान, त्यावर आडव्या फिकट लाटा आणि दोन्ही कडांना टोकापर्यंत गेलेली पिवळी पट्टी. सासूबाईंचं माहेर येवल्याकडचं. पैठणीच्या गावाजवळ वाढलेल्या बाईला त्या पट्टीत काठच दिसणार.

पंचवटीतल्या वाड्याच्या ओट्यावर हे झाड डालड्याच्या डब्यात होतं. मी 1996 साली लग्न होऊन आले तेव्हाही होतं, त्याच डब्यात. वाडा बिल्डरकडे गेला आणि आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा टेम्पोवाल्याच्या हाती डबा द्यायला सासूबाई तयार होईनात. रिक्षात पायाशी घेऊन बसल्या आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला डब्यावर हात ठेवत आल्या. एवढी काळजी, पण पाणी मात्र आठवेल तेव्हा. खत म्हणजे काय ते त्या झाडानं पाहिलेलं नाही. तरी दर वर्षी डब्यात एखाद-दुसरं पान वाढायचंच.

गेल्या वर्षी आषाढी झाल्यावर सिन्नरहून नणंदेचा फोन आला. नव्या घराचा स्लॅब टाकून झाला होता, वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली होती. “वहिनी, मला बाकी काही नको. आईच्या झाडाचं एक रोप तेवढं करून द्या.” हे फॅमिली ग्रुपवर गेलं आणि पुण्याच्या धाकट्या जाऊबाईंनी लगेच “आमचंही एक” टाकलं. मग आमची लेक कशी मागे राहील. झाली तीन रोपं. हातात नऊ महिने होते. मी म्हटलं, नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो, तीन रोपांचं काय घेऊन बसलात.

पहिलं पान जुलैतच कापलं. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले होते. सगळ्यांचं सांगणं एकच: पान कापा, तुकडे करा, मातीत खोचा. सुरी धुऊन घेतली आणि सगळ्यात मोठं पान बुडापासून कापायला घेतलं. सुरी अडखळते, कारण पानात उभे पांढरे धागे असतात, सुतळीसारखे चिवट. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. आफ्रिकेत या जातीच्या झाडांच्या धाग्यांपासून धनुष्याच्या दोऱ्या वळत. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग रामाच्या गावात बरोबर आलंय.”

चार-चार बोटांचे सहा तुकडे झाले. ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवले, कारण ताजा काप तसाच मातीत गेला तर सडतो. इथवर सगळं बरोबर होतं. संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओटा लख्ख आणि तुकडे एका ताटलीत ढीग करून ठेवलेले. सासूबाईंनी आवरलं होतं. आता कुठली बाजू वरची आणि कुठली खालची? टोकाचा तुकडा ओळखू आला, बाकीच्यांना दोन्हीकडे सारखाच काप. अंदाजानं खोचले.

मातीचंही तसंच. नर्सरीतून ‘तयार मिश्रण’ म्हणून पिशवी आणली होती. पाणी घातलं आणि तिचा भेंडा झाला. काळी मातीच ती, वर चार दाणे शेणखताचे. शेतात ही माती सोनं असेल, पण कुंडीत पाणी धरून बसते, आणि या झाडाला तेवढं एकच सोसत नाही. त्यात श्रावणसरी, त्यात पश्चिमेची बाल्कनी. तिसऱ्या आठवड्यात पाच तुकडे बुडाशी तपकिरी आणि मऊ पडले. बोटानं दाबलं तर पाणी सुटलं आणि सडक्या कांद्याचा वास आला. लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना तो वास समजावून सांगायला नको.

सहावा तुकडा टणक राहिला, हिरवागार. मला त्याचं फार कौतुक वाटलं. दिवाळीपर्यंत तो तसाच उभा होता, मूळ नाही, काही नाही. उलटा खोचला होता. पानाच्या तुकड्यालाही वर-खाली कळतं. जी बाजू झाडावर असताना जमिनीकडे होती, तिथूनच मुळं फुटतात. डोक्यावर उभं केलं तर तो नुसता साठवलेल्या पाण्यावर दिवस काढतो.

राखीला धाकटा भाऊ आला. त्याची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे, आख्खं आयुष्य काड्या आणि कलमांत गेलेलं. त्यानं कुंडी उचलून पाहिली, नाकाशी नेली आणि हसला.

“ताई, काडीला खालून सरळ काप घ्यायचा, वरून तिरका. मग ती गोणीत टाक नाहीतर ढीग कर, चुकायचं कारणच नाही.”

“हे पान आहे, काडी नाही.”

“मग खालून खाच घे. पण खूण कर काहीतरी. आणि ही माती आधी फेकून दे.”

त्याच्याकडे मुळ्या फुटायची पावडर होती, तिची पुडी देऊन गेला. तीत आयबीए नावाचं संजीवक असतं, बागायतदार सर्रास वापरतात. खरं सांगायचं तर स्नेक प्लांटला तिची गरज नाही. अर्ध्या तुकड्यांना लावली, अर्ध्यांना नाही, आणि मुळं सगळ्यांना फुटली.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. दोन पानं कापली. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कडेला उलट्या ‘व्ही’सारखी खाच घेतली. त्यात खूणही झाली आणि मुळं फुटायला कड जास्त मिळाली. तुकडे कपाटावर ठेवले, जिथे सासूबाईंचा हात पोचत नाही. चार दिवसांत काप पांढरट आणि कोरडा पडला, टाचेच्या जाड कातडीसारखा. ही साय धरणं सगळ्यात महत्त्वाचं. काप ओलसर लागला तर आणखी दोन दिवस थांबावं.

माती या वेळी घरी कालवली. सोसायटीत काम चालू होतं, तिथली जाडी कच चाळून, तीनदा धुऊन घेतली, कारण तिच्यातली धूळ राहिली की तिचं सिमेंट होतं. एक वाटा कच, एक वाटा कोकोपीट, एक वाटा लाल माती. मूठ आवळून उघडल्यावर गोळा आपोआप फुटला पाहिजे. चार तुकडे यात बोटभर खोल लावले. दोन तुकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तळाशी दोन बोटं पाण्यात उभे केले. काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच त्याचं कारण.

चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं. मग नुसतं बघत बसायचं. घटस्थापनेला घरात घट बसला, त्यातलं धान नऊ दिवसांत वीतभर झालं, आणि शेजारच्या बरणीत हे दोघे महिनाभर ढिम्म. दसऱ्याच्या अलीकडे बरणी उजेडात धरली तर खाचेच्या कडेला मोहरीएवढे फुगवटे दिसले. आठवड्यानं त्यांतून पांढरी मुळं आली, शेवईइतकी बारीक. मी पोळ्या सोडून सगळ्यांना हाका मारल्या. आमचे हे येऊन म्हणाले, “बरं.” सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

मातीतल्यांची मुळं दिसत नाहीत. तिथे पान दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढायचं. सुटून हातात आलं तर काही नाही. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं की समजायचं. चारही तुकड्यांनी धरलं होतं. बरणीतले दोन मातीत हलवले तर त्यांतला एक महिन्याभरात गेला. पाण्यात वाढलेली मुळं मातीला बिचकतात. तेव्हापासून मी पाण्याच्या भानगडीत पडत नाही.

दिवाळीनंतर मात्र सगळंच थांबलं. नाशिकची थंडी माणसांना गुलाबी वाटते, या झाडाला नाही. पारा दहाच्या खाली गेला की ते गोठल्यासारखं होतं. तिकडे भाऊ रात्री बागेत शेकोट्या पेटवत होता, घड वाचवायला. इकडे मी कुंड्या उचलून फ्रीजवर ठेवल्या, तिथे मागून थोडी ऊब असते. दोन महिने पाणी जवळपास बंद, तीन आठवड्यांतून चार चमचे. थंडीत ओली माती म्हणजे पुन्हा तो कांदा. आमच्या ह्यांना चहाच्या गाळणीतलं पाणी झाडांना घालायची सवय आहे, म्हणून फ्रीजवर चिठ्ठी लावली: पाणी घालू नये. सासूबाईंना वाटलं चिठ्ठी फ्रीजसाठी आहे.

फेब्रुवारी सरताना एका कुंडीत मातीला केसाएवढी भेग पडली. दोन दिवसांनी भेगेतून शिसपेन्सिलीला तासून काढावं तसं टोक वर आलं. फुटवा! उभं लावलेलं पान तसंच, आणि त्याच्यापासून दोन बोटांवर हे नवीन बाळ, अंगाभोवती पान घट्ट गुंडाळून. कापल्यापासून सहा महिने झाले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणखी दोन कुंड्यांत टोकं आली. तीन पाहिजे होती, तीन झाली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

सासूबाईंनी कुंडी जवळ घेतली. “काठ कुठाय?”

“येईल आई. अजून लहान आहे.”

पान उलगडत गेलं. हिरवं, त्यावर फिकट लाटा, सगळं व्यवस्थित. काठ नाही. मला वाटलं ऊन कमी पडतंय, कुंड्या खिडकीत सरकवल्या. गांडूळखत घातलं. पान जोमानं वाढलं, अगदी तुकतुकीत झालं, आणि कडेपर्यंत हिरवंच राहिलं. नणंदेचा मेसेज आला: “वहिनी, छान आहे, पण हे आईचं नाही.”

तिचं बरोबर होतं, आणि का ते मला नंतर कळलं. पिवळ्या काठाच्या या जातीला लॉरेन्टी म्हणतात. तिच्या एकाच पानात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात: काठातल्या हिरवा रंग न बनवणाऱ्या आणि मधल्या हिरव्या. पानाच्या तुकड्यातून फुटवा येतो तो कापाजवळच्या आतल्या पेशींपासून, अगदी नव्यानं. त्या हिरव्या असतात, म्हणून रोपही साधं हिरवं. काठ पुढे जायचा असेल तर तो फक्त जमिनीखालच्या गड्ड्यातून जातो, कारण तिथल्या कोंबात दोन्ही प्रकार बरोबर आधीसारखे रचलेले असतात. थोडक्यात, मी केलेलं काहीच चुकलं नव्हतं. पानातून काठ येतच नाही.

भावाला फोनवर सांगितलं तर त्याला नवल वाटलं नाही. “अगं, सोनाका द्राक्ष काय आहे? थॉम्पसन द्राक्षाच्याच वेलीत झालेला बदल. तशी काडी धरून तिचीच कलमं करत गेले म्हणून सोनाका टिकली. बी लावून आली असती का? ज्याला जे पाहिजे ते कुठल्या भागात आहे ते बघून कापायचं.” हे त्यानं ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर माझे सात महिने वाचले असते, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “तू काठाचं बोललीच नव्हतीस.”

म्हणजे डबा फोडायला हवा होता. अक्षय्य तृतीयेला महिना-सव्वा महिना राहिला होता. मीच दोन दिवस टाळलं. मग एका रविवारी बाल्कनीत जुनी सतरंजी अंथरली. आठवडाभर पाणी दिलं नव्हतं, माती कोरडी असली की गड्डा सुटतो. हा सुटला नाही. डबा आडवा करून थापट्या मारल्या, वरून पानं धरून ओढलं, तर गंजलेलं बूड तेवढं पापडासारखं निखळून पडलं. शेवटी ह्यांनी पत्रा कापायची कात्री आणली. सासूबाई “मला नाही बघवत” म्हणत आत गेल्या.

पत्रा सोलून काढला तर आत माती जवळपास उरलीच नव्हती. डब्याच्या आकाराची मुळांची आणि गड्ड्यांची एक वीट होती. डब्याला आडव्या वळ्या असतात ना, त्या वळ्यासुद्धा मुळांवर उमटल्या होत्या. गड्डे अंगठ्याएवढे जाड, ओल्या हळदीच्या कंदासारखे, बाहेरून फिकट केशरी. एकमेकांवर चढून, वळून, पत्र्याला थडकून परत फिरलेले. आणि त्या गुंत्यात मधोमध एक स्टीलचा चमचा निघाला. चहाचा, दांड्यावर सासऱ्यांचं आद्याक्षर कोरलेलं. कधीकाळी त्या सहांच्या जोडातला एक हरवला होता आणि त्यावरून भांडीवाल्या बाईंना काय काय बोलणी बसली होती, ते वाड्यात सगळ्यांना पाठ. सासूबाई मघाशीच परत येऊन दारात उभ्या होत्या, हातात हळदीची वाटी. त्यांनी चमचा उचलला, पदराला पुसला आणि काही न बोलता कनवटीला लावला.

सुरीनं भागेना, म्हणून नारळ सोलायचा कोयता घेतला. कुठे कापायचं ते बघण्यातच खरी कारागिरी. प्रत्येक वाट्याला गड्ड्याचा जाडसर भाग, त्याची स्वतःची मुळं आणि निदान दोन-तीन पानं आली पाहिजेत. आधी मुळांचा गुंता बोटांनी सोडवत बसायचं, मग दोन गड्ड्यांना जोडणाऱ्या मानेवर एकच घाव. चार वाटे केले. सासूबाईंनी कापांवर हळद दाबली. दोन दिवस सावलीत काप वाळवले ते खरं औषध. हळद त्यांच्या समाधानासाठी होती, आणि डबा फोडल्यावर तेवढं समाधान त्यांचं लागत होतं.

कुंड्या जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून आणल्या, साध्या मातीच्या. लेकीनं चकचकीत प्लास्टिकच्या सुचवल्या होत्या, पण मातीची कुंडी पाणी पिते आणि आपल्या हातून जास्त पडलं तर निभावून नेते. कुंडी मोठी घ्यायचा मोहही टाळावा. मुळांभोवती बोटभर जागा पुष्कळ, जास्तीची माती म्हणजे जास्तीची ओल. वरची माती तीच, कच-कोकोपीटवाली. पहिलं पाणी आठव्या दिवशी दिलं. पंधरा दिवस पानं जराशी ढिली पडली, एका कुंडीत एक पान कलंडलं, मग ताठ झाली. एप्रिलच्या उन्हात एका वाट्यातून फुटवाही डोकावला. पेन्सिलीचं टोक तसंच, पण दोन्ही कडांना पिवळी रेघ. सुरुवातीपासूनच असते ती. मोठं झाल्यावर वगैरे येत नाही.

दरम्यान जाऊबाईंनी ग्रुपवर टाकलं की हे झाड बेडरूममध्ये ठेवणार, कारण ते रात्री ऑक्सिजन देतं, नासानं सांगितलंय. अर्धं खरं असलं की खोडायला अवघड. या झाडाची पानं आपली छिद्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, म्हणजे दिवसा उन्हात पाणी उडून जात नाही. म्हणूनच तर ते डब्यात विसरलं तरी जगलं. ऑक्सिजन मात्र उजेड असतानाच तयार होतो. नासाचा 1989 चा अभ्यास बेंझीनसारख्या वायूंबद्दल होता, तोही बंद, छोट्या पेट्यांत. 2019 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा खोलीतली हवा खरोखर शुद्ध व्हायची तर हिशेब निघाला तो दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडांचा. जाऊबाईंच्या बेडरूममध्ये मग जाऊबाईंना जागा उरणार नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. “ठेवा, छान दिसेल” एवढंच लिहिलं. त्यांच्याकडे मांजर आहे, त्यामुळे उंचावर ठेवा हे मात्र आवर्जून कळवलं. पान चावलं तर मांजर-कुत्र्यांना उलट्या होतात.

अक्षय्य तृतीयेला कुंडी गाडीत माझ्या पायाशी होती. सिन्नर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझा हात तिच्यावर जात होता, हे ह्यांनी दाखवून दिलं. नणंदेनं पूजेच्या गडबडीतसुद्धा पहिल्यांदा पानाची कड बघितली.

“वहिनी, पाणी किती घालू?”

“विसरून जा.”

“असं कसं विसरून जाऊ?”

मी म्हटलं, बोट मातीत दोन पेरं घालायचं, ओल लागली तर परत फिरायचं. पावसाळ्यात तर बघायलाही जायचं नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मला खात्री आहे की ती रोज पाणी घालते आहे.

चौथा वाटा आमचा. त्याला मातीची कुंडी सासूबाईंना चालेना. शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो राखेनं घासून ठेवला होता. ह्यांनी खिळ्यानं बुडाला भोकं पाडली. जुन्या डब्याला भोक नव्हतंच, गंजानं आपोआप पडली तेवढीच. वाड्याच्या ओट्यावर वारा आणि ऊन होतं म्हणून चाललं. फ्लॅटच्या बाल्कनीत चाललं नसतं.

राहिली ती बिनकाठाची तीन पोरं. ती कुणालाच नको आहेत. जिन्यात ठेवा, सोसायटीच्या ऑफिसात द्या, असं मी सुचवलं, पण सासूबाईंनी त्यांतली एक कुंडी देवघराच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवली आहे. रोज सकाळी चहा घेताना चष्मा लावून तिची कड बघतात. चहा ढवळायला तोच चमचा असतो. काठ येणार नाही म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं, पेशींसकट.

“तुला काय माहीत,” त्या म्हणतात.